दारावरचे पाच डॉलर

साडेनऊला सुरू, सव्वाला बंद. चार सेट, प्रत्येक पाऊण तासाचा, मधे पंधरा-पंधरा मिनिटांची सुट्टी. त्या पंधरा मिनिटांत बँडवाल्यांनी सिगरेट ओढायची, बाथरूमला जाऊन यायचं, तुटलेली तार बदलायची आणि ओळखीच्या टेबलांवर जाऊन "कसं काय, आई बरी आहे ना आता?" एवढं विचारून यायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. दारावर माणशी पाच डॉलर घेत, ते बँडचे. बिअरचा गल्ला मालकाचा. एखादं टेबल लवकर उठलं की मालकाचा चेहरा पडे आणि पुढच्या महिन्याच्या तारखा ठरवताना तो हमखास आठवण काढे. अमेरिकेतल्या बार बँडवाल्यांचा एक जुना विनोद आहे: पाच हजारांची वाद्यं पाचशे डॉलरच्या गाडीत घालून, शंभर मैल जाऊन, पन्नास डॉलर कमावून येतो तो वादक. मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची गाडी जरा बरी होती. बाकी हिशेब तोच.

बँडचं नाव मुद्दामच देत नाही. एक जण अजून दर रविवारी चर्चमध्ये वाजवतो, आणि तिथल्या मंडळींना त्याच्या शुक्रवारांची पूर्ण कल्पना असेल असं मला वाटत नाही.

मी मिरजेची. 1998 साली, 2000 साल उजाडताच संगणक बंद पडतील ह्या वाय-टू-केच्या धास्तीच्या लाटेत, कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्या कुणालाही अमेरिकेचं तिकीट मिळत होतं, तसं मलाही मिळालं, आणि एका विमा कंपनीचं जुनं कोड तपासायला मी जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी जाऊन पडले. अटलांटापासून दक्षिणेला आय-75 हायवेवर दीड तास. अटलांटात महाराष्ट्र मंडळ होतं, गणपती होता, तूरडाळ मिळत होती. मेकनात पाइनची झाडं, उकाडा आणि चर्चेस. इंडियातून आलेय म्हटलं की लोक मला हायवेवरच्या मोटेलवाल्या पटेलांच्या नात्यातली समजत आणि "त्यांना सांग, छान लोक आहेत" असा निरोप देत. रविवारी दुकानात बिअरची बाटलीसुद्धा विकायची नाही असा कायदा होता. तो पुढे 2011मध्ये सैल झाला, आणि विकायची की नाही हे ज्या त्या गावाच्या मतदानावर सोपवलं गेलं.

आमच्या ऑफिसात क्लेम्स विभागात एक गृहस्थ होते. दिवसभर टाय, बोलणं हळू, प्रत्येक वाक्याला "यस मॅम". वादळात पडलेल्या झाडांचे आणि उडालेल्या छपरांचे दावे निकाली काढणं हे त्यांचं काम. ते शुक्रवारी रात्री बास गिटार वाजवतात हे कळलं तेव्हा आमच्या टेस्टिंगच्या टीमला आधी ती थट्टाच वाटली. त्यांनीच एकदा आमच्या सगळ्या रांगेला बोलावलं. इतर जण एखाददुसऱ्या वेळी आले आणि गळाले. मी जात राहिले. दारू पीत नव्हते, कोक घेऊन बसायचे. काउंटरमागची बाई मला "हनी" म्हणायची आणि तरीही दर वेळी माझं ओळखपत्र बघायची.

आता मेकन हे काही साधंसुधं गाव नाही. रॉक अँड रोल गाणारा लिटल रिचर्ड इथलाच, इथल्या ग्रेहाउंड बस स्टँडवर त्यानं भांडी घासलेली. सोल गाणारा ओटिस रेडिंग इथंच वाढला. 1969मध्ये ऑलमन ब्रदर्स हा रॉक बँड फ्लोरिडातून इथं राहायला आला, कारण फिल वॉल्डननं त्याच वर्षी कॅप्रिकॉर्न ही रेकॉर्ड कंपनी इथं काढली होती. खिशात पैसे नव्हते. एच अँड एच नावाच्या खाणावळीत ही लांब केसांची पोरं दोन थाळ्या मागवून सगळ्यांत वाटून खायची. तिथल्या ममा लुईझनं ते पाहिलं आणि प्रत्येकासमोर वेगळी थाळी ठेवली. 1969 साली, जॉर्जियात, एका कृष्णवर्णीय बाईनं. पुढे बँडला पैसे मिळाले तेव्हा त्यांनी तिला आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं. एडवर्ड ग्रँट या कृष्णवर्णीय गृहस्थांनी 1971मध्ये पॉप्लर स्ट्रीटवर ग्रँट्स लाउंज काढलं, तिथं काळे-गोरे एकत्र बसत, आणि नवे बँड ऐकायला कॅप्रिकॉर्नची माणसं येऊन बसत. सदर्न रॉक म्हणून जे जगभर गेलं त्याचं अर्धं कूळ ह्या चार-सहा गल्ल्यांतलं आहे.

आणि शोकांतिकाही त्याच गल्ल्यांतली. 29 ऑक्टोबर 1971ला ऑलमन ब्रदर्सचा गिटारवाला ड्वेन ऑलमन मोटरसायकलवरून जाताना ट्रकच्या अपघातात गेला. वर्षभरानं, 11 नोव्हेंबर 1972ला, त्याच बँडचा बासवाला बेरी ओकली मोटरसायकलवरूनच बसला धडकून गेला, पहिल्या जागेपासून जेमतेम तीन चौकांवर. दोघंही चोविशीतले. दोघांच्या कबरी रोझ हिल दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. 1979मध्ये कॅप्रिकॉर्नचं दिवाळं निघालं. मी पोचले तेव्हा हे सगळं होऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती आणि गावाला ह्या वारशाचं काय करावं ते सुचत नव्हतं. ऑलमन मंडळी जिथं राहत त्या मोठ्या घराचं संग्रहालय व्हायलाही 2009 उजाडलं. मधली सगळी वर्षं ती गाणी कुणी वाजवली, तर असल्या बार बँडांनी. शुक्रवारी आणि शनिवारी, पाच डॉलरमध्ये.

बँड पाच जणांचा. बासवाले क्लेम्सचे गृहस्थ. गिटार वाजवणारा आणि गाणारा एक गवंडी, त्याची बोटं इतकी जाड की तारा दिसायच्या नाहीत. ऑर्गनला एक शाळामास्तर. ड्रमवर एक कृष्णवर्णीय तरुण, तोच रविवारी चर्चमध्ये वाजवणारा. आणि पेडल स्टीलवर एक म्हातारा, ज्यानं उभा जन्म जवळच्या हवाई दलाच्या तळावर मालवाहू विमानं दुरुस्त करण्यात घालवला होता.

ह्या म्हाताऱ्यामुळे तो बँड वेगळा होता, आणि तो तिथं असण्याचं कारण निव्वळ आर्थिक होतं. ऑलमन पद्धतीच्या संगीतात दोन लीड गिटारी लागतात. दोघं एकच धून वाजवतात, पण दुसरा तिसऱ्या सुरावरून, आणि ते जोडीनं धावणं हीच त्या संगीताची ओळख. आमच्या बँडला दुसरा गिटारवाला टिकत नव्हता. चांगला असला तर अटलांटाला पळायचा, वाईट असला तर परवडायचा नाही. मग ती दुसरी ओळ म्हाताऱ्यानं स्टीलवर घेतली. पेडल स्टील हे कंट्री संगीताचं वाद्य: दहा तारांचं टेबल समोर, डाव्या हातात पोलादी दांडी, पाय पेडलवर, गुडघे खालच्या दांड्यांवर, आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करायला. शिवणयंत्रावर बसलेल्या माणसासारखा त्याचा सगळा देह कामाला लागलेला असे, चेहरा मात्र निवांत. गिटारवाला धून घेऊन सुटला की म्हातारा त्याच्या शेजारून निघायचा, पण स्टीलला पडदेच नाहीत, त्यामुळे प्रत्येक सुरावर तो खालून घसरत पोचायचा, किंचित उशिरा. दोन गिटारी बरोबर पळतात तेव्हा ताकद वाटते. इथं एक जण पुढे चाललाय आणि दुसरा त्याला समजावत मागून येतोय असं वाटायचं. मींड ऐकून ज्याचे कान घडलेत त्या माणसानं खुर्ची सोडून जावं कसं?

ह्या बँडनं स्वतःची गाणी रचली नाहीत का, तर रचली. शाळामास्तरांनी तीन-चार केली होती आणि दुसऱ्या सेटमध्ये एखादं घुसवायचे. ते सुरू झालं की अर्धी गर्दी बाथरूमकडे. मला ती गाणी खरंच बरी वाटली नाहीत, आणि मास्तरांना ते माहीत होतं. पण अमेरिकेत संगीतावर लिहिणारे लोक 'कव्हर बँड' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात तो मला तेव्हाही पटत नव्हता. आम्ही मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात चालणाऱ्या मैफिली ऐकत वाढलो. तिथं कुणी "ही चीज तुमची स्वतःची का?" असं विचारल्याचं आठवत नाही. चीज सगळ्यांची, तिचं तुम्ही काय करता ते तुमचं. त्या म्हाताऱ्यानं दुसऱ्याच्या गाण्यात जी ओळ घातली ती दुसऱ्या कुठल्या बँडात मी ऐकली नाही, आणि तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही.

स्टेजवर एक गोष्ट मी फार मजेनं बघायची. एखाद्या रात्री अनोळखी गिटारवाला बरोबर वाजवायला यायचा. बासवाले पाठीमागे हात नेऊन त्याला बोटं दाखवायचे: एक, मग चार, मग पाच. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत 1950च्या दशकाच्या शेवटी ही आकड्यांची पद्धत निघाली. कॉर्डचं नाव सांगायचं नाही, सप्तकातला तिचा नंबर सांगायचा. गाणाऱ्याचा घसा बसला असेल तर षड्ज दोन घरं खाली, आकडे तेच. मी एका सुट्टीत बासवाल्यांना म्हटलं की हे तर आमच्याकडे पेटीच्या क्लासला जाणाऱ्या पोरांनाही येतं: सा ठरवा, मग म आणि प कुठं आहेत ते आपोआप कळतं. ते म्हणाले, "मग उद्यापासून तू ये, मी घरी झोपतो."

म्हाताऱ्याशी माझी दोस्ती झाली ती जवारीवरून, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेच्या झंकारावरून. मी मिरजेची म्हणजे सतारमेकरांच्या गावची, आमच्या घराजवळच तंबोरे बनत. पंढरपूरकडून आलेले भोपळे रचून ठेवलेले असत. तंबोऱ्याची तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला की आवाज खुलतो, झंकार उठतो, हे मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात त्यानं तारांतली खरखर घालवण्यासाठी धडपड केली होती, आणि ही बाई सांगते की तिच्या गावात ती खरखर मुद्दाम आणण्याचा धंदा आहे. तिसऱ्या सेटच्या सुट्टीत त्यानं गवंड्याची साधी अकूस्टिक गिटार मागून घेतली, मी माझ्या ओढणीतून एक दोरा ओढला, आणि आम्ही तो तारेखाली सरकवला. काही झालं नाही. तार नुसती मुकी झाली. गवंडी हसायला लागला. म्हातारा मात्र गिटार डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुमची घोडी रुंद असणार." बरोबर. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उताराचा असतो, तार त्यावर निजत निजत जाते, म्हणून झंकार. गिटारीचं हाड अरुंद, तार तिथं एका रेषेवर टेकून मोकळी होते. न बघता ओळखलं त्यानं. पुढच्या शुक्रवारी तो पितळेची एक पट्टी घासून घेऊन आला होता. तीही चालली नाही, पण आधीपेक्षा कमी वाईट.

गवंड्याची एक वस्तू सांगायलाच हवी. स्लाइड, म्हणजे तारांवर काच घसरवत, वाजवताना तो अनामिकेत काचेची छोटी बाटली घालायचा. ती कोरिसिडिन ह्या सर्दीच्या गोळ्यांच्या बाटलीची नक्कल. ड्वेन ऑलमनला सर्दी झाली होती, वाढदिवसाला धाकट्या भावानं, ग्रेगनं, गोळ्यांची बाटली आणि एक रेकॉर्ड आणून दिली. ड्वेननं गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुतलं आणि बाटली बोटात घालून वाजवायला बसला, असं ग्रेग सांगायचा. औषध कंपनीनं काचेची बाटली कधीच बंद केली, पण वाद्यांच्या दुकानात तिच्या नकला मिळतात. गवंडी तिला "औषध" म्हणायचा. दिवसभर विटांचं काम करून बोटं आखडलेली, पहिल्या सेटला तो स्लाइडला हात लावत नसे.

स्टेजच्या कडेला एक बरणी असे, लोणच्याची. तिच्यावर पुठ्ठा: फर्माईश 5 डॉलर, 'फ्री बर्ड' 50 डॉलर. ते गाणं लेनर्ड स्किनर्ड ह्या बँडचं, 1973च्या पहिल्या अल्बममधलं, आणि अमेरिकेत कुठल्याही मैफिलीत, अगदी पियानो वाजत असला तरी, मागून एखादा बहाद्दर त्याच्या नावानं ओरडतोच. स्किनर्ड म्हणजे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची पोरं. शाळेत लांब केसांवरून मागे लागणाऱ्या लेनर्ड स्किनर नावाच्या व्यायामशिक्षकाचं नाव त्यांनी वेडंवाकडं करून बँडला लावलं. 20 ऑक्टोबर 1977ला इंधन संपून त्यांचं विमान मिसिसिपीच्या जंगलात कोसळलं आणि गायक रॉनी व्हॅन झँटसह बँडची तीन माणसं गेली. विमानांत हयात घालवलेल्या आमच्या म्हाताऱ्याला त्या अपघाताचा विषय काढलेला खपत नसे. "इंधन मोजायचं असतं," एवढंच म्हणायचा. बरणीचा मालक तोच. पन्नासची नोट आत पडल्याशिवाय तो दांडी उचलत नसे. आणि नोट पडायची. महिन्यातून एकदा तरी कुणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं, नाहीतर मोडलेलं.

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत पहिला सेट रिकाम्या खुर्च्यांसमोर. शुक्रवार म्हणजे शाळांच्या फुटबॉलचा दिवस, आणि सगळं गाव स्टेडियमवर. साडेदहाला लोक लोटायचे, जिंकलेले आणि हरलेले एकाच दारातून. तेव्हा बँडनं काय वाजवावं ह्याचं गणित ऑर्गनवाल्या मास्तरांना अचूक जमायचं, कारण ते त्याच शाळांत शिकवत. आधी जलद गाणी, कुणालाही बोलायला उसंत मिळता कामा नये. अकराच्या सुमारास भांडणाची वेळ टळली की मग संथ.

भिंतीवर तो झेंडा होता. निळ्या फुलीवर तारे, लाल पार्श्वभूमी, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्यांचा. नुसता बारमध्येच नव्हता. तेव्हा जॉर्जियाच्या राज्यध्वजातच तो होता, 1956मध्ये मुद्दाम घातलेला, आणि 2001मध्ये तो बदलेपर्यंत सरकारी कचेरीवरही फडकत होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्याचा अर्थ पुस्तकातून माहीत होता, आणि त्या खोलीत त्याचा अर्थ नेमका काय ते समजत नव्हतं. बासवाल्यांना विचारलं तर त्यांनी विषय बदलला. सभ्य माणूस, पण विषय बदलला. ड्रमवाला आपले ड्रम नेहमी त्याच भिंतीशी लावायचा, झेंड्याकडे पाठ करून. ऑलमनांच्या बँडातही पहिल्या दिवसापासून जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर होता, आणि दक्षिणेत त्याच्याबरोबर फिरणं त्या पोरांना सोपं गेलं नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात. एकदा धीर करून मी ड्रमवाल्याला विचारलं की त्याच भिंतीशी का लावतोस. तो म्हणाला, "तिथं पंखा आहे." पंखा खरंच तिथं होता. मी आजही सांगू शकत नाही की त्यानं मला उत्तर दिलं की टाळलं. पुढे मालक बदलला, भिंतीला रंग दिला, आणि झेंडा परत लागला नाही. कुणी काही बोललं नाही. ह्या गावाची ही खोड मला तेव्हाही आवडली नव्हती.

वाजवून झालं की सामान गाडीत भरायला तास जाई. स्पीकर, अँप, केबलींची भेंडोळी, आणि लाकडी पेटीएवढं स्टील. मग सगळे वॅफल हाउसमध्ये. जॉर्जियातच 1955मध्ये सुरू झालेली, चोवीस तास उघडी असणारी खाणावळ. रात्री दोन वाजता तिथं कांदा घालून परतलेले, वर चीज वितळवलेले बटाटे मिळत. दुपारी त्यांची चव काहीच लागत नाही. पैसे तिथंच वाटले जात, केचपच्या बाटलीशेजारी. ड्रमवाल्याला आधी दिले जात, कारण शनिवारी पुन्हा वाजवून रविवारी सकाळी त्याला चर्चमध्ये हजर राहावं लागे आणि झोप त्यालाच सगळ्यांत कमी. "तेच ठेके," तो म्हणायचा, "फक्त शब्द वेगळे."

2000 साल आलं, संगणक बंद पडले नाहीत, आमचं काम संपलं. मी अटलांटाला गेले, मग लग्न, मग मुलगा. अधूनमधून जात होते. 2005मध्ये सार्वजनिक जागांतल्या धूम्रपानावर राज्याचा कायदा आला आणि बारमधली सिगरेट बंद झाली. माझे कपडे वाचले, पण गवंड्याच्या मते गर्दी तेव्हापासून फुटली: अर्धे लोक बाहेर सिगरेट ओढत उभे, आतला ठेका त्यांना पायांतून लागायचा नाही. नंतर मालकानं मोठे टीव्ही लावले. म्हाताऱ्याचे गुडघे गेले. स्टील गुडघ्यांशिवाय वाजत नाही, आणि त्यानं गिटार धरायला साफ नकार दिला. त्याच्याशिवाय त्यांनी काही महिने ढकलले. दुसरा गिटारवालाही घेतला, तरुण, तयारीचा, अगदी रेकॉर्डवरच्यासारखा. तेव्हा तो बँड राज्यातल्या इतर पन्नास बँडांसारखा वाजायला लागला. मी एकदाच ऐकलं.

माझ्याकडे त्यांची एक कॅसेट आहे, स्टेजच्या साउंड मिक्सरवरून थेट घेतलेली. मिक्सरवरून घेतलेल्या टेपची गंमत अशी की ज्याला माइक लागत नाही किंवा कमी लागतो तो तिच्यात जवळजवळ नसतोच. गवंड्याचा अँप जोरात, म्हणून टेपवर गिटार बारीक. स्टीलचा अँप छोटा, म्हणून ते मिक्सरमधून घेतलेलं, म्हणून टेपवर सगळ्यांत पुढे. म्हणजे दुसरी ओळ ठळक, आणि जिच्यासाठी ती रचली ती पहिली ओळ दूर कुठंतरी. माझ्या मुलानं ती संगणकावर उतरवून दिली आणि विचारलं, "हे गाणं असंच आहे का?" मी हो म्हटलं.

ग्रेग ऑलमन मे 2017मध्ये गेला. 3 जूनला त्याला मेकनात रोझ हिलमध्ये, भावाजवळ, पुरलं. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. बासवाल्यांचा त्या रात्री फोन आला. आता निवृत्त, पण "यस मॅम" तसंच. संध्याकाळी गवंड्याच्या घराच्या ओसरीवर सगळे जमले होते, म्हणे. म्हाताऱ्यालाही त्याच्या मुलीनं गाडीतून आणलं होतं, पण तो वाजवायला नाही, सांगायला बसला होता. प्रत्येक गाण्यानंतर कुणाचं काय चुकलं ते तो सांगत होता. शेजारच्या बाईनं पोलीस बोलवायची धमकी दिली आणि मग स्वतःच खुर्ची घेऊन येऊन बसली. बासवाले पाऊण तास बोलले, आणि त्यातला निम्मा वेळ मास्तरांनी ऑर्गनचा आवाज किती वाढवून ठेवला होता ह्या तक्रारीत गेला. गेली वीस वर्षं हा माणूस ऐकत नाही, म्हणाले.